दारातला इंडेक्स

इंटरनेट नवं होतं तेव्हाची गोष्ट. दमयंतीबाई परुळेकरांच्या रोपवाटिकेची एक वेबसाइट होती आणि तिच्या दारावर सर्व्हर राखणीला होता. कुठलं पान हवं ते न सांगता पाहुणा आला, की सर्व्हर आपली यादी काढायचा. यादीत दोनच पानांची नावं होती. आधी इंडेक्स, तो नसेल तर होम.

इंडेक्स अगदी साधं पान होतं, नुसता रोपवाटिकेचा पत्ता आणि उघडी असण्याची वेळ. पुढे बाईंनी फोटोंनी भरलेलं नवं पान केलं आणि त्याचं नाव ठेवलं गुलबक्षी. ती नटून बसायची, पण तिला कोणी बोलवेना.

“काका, मी असताना या कळकटाला कशाला पुढे करता?” ती सर्व्हरवर फणकारली.

“मी रूप बघत नाही पोरी, यादी बघतो.”

“मग त्याला उठवा तिथून!”

इंडेक्स निमूट उठून गेला.

तेवढ्यात पाहुणा आला. इंडेक्स सापडला नाही, होम तर कधी नव्हताच. मग सर्व्हरनं नियमाप्रमाणे वेबसाइटच्या सगळ्या फायलींचं कपाटच पाहुण्यापुढे सताड उघडलं. अर्धवट मजकूर, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, आणि त्याच रांगेत कुठेतरी गुलबक्षी. पाहुणा थेट फोन नंबरांकडे वळला.

“इंडेक्सदादा, धावा!” गुलबक्षी ओरडली.

इंडेक्स धावत येऊन दारात उभा राहिला आणि कपाट मिटलं. मग त्यानं आपल्या पत्त्याखाली एक ओळ वाढवली: ‘फुलं बघायची तर गुलबक्षीकडे जा.’

ही ओळ त्याच्याकडे कोणी मागितली नव्हती.