गोड बोलणारी होडी

अगं ऐक ना, काय झालंय माहितीये? फार फार वर्षांपूर्वी वगैरे नाही हं, आज सकाळीच!

चपळा नावाची नौदलाची गस्ती बोट आहे ना, ती बिचारी रोज समुद्रात पहारा देते आणि रोज शिव्या खाते. ती जवळून गेली की लाटा उसळतात, जाळी हलतात, मासे पळतात. आजही दर्याबाय नावाची म्हातारी मासेमारी होडी ओरडलीच, "लांबून जा गो भवाने! सगळी सुरमई पळवलीस माझी!" चपळाचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात एक अनोळखी होडी भेटली. पाण्यात जाळं सोडून बसलेली. म्हणाली, "या ताई! तुम्ही आहात म्हणून आम्ही सुखानं मासे धरतो." चपळा इतकी खूश झाली की तिनं भोंगाच वाजवला! "तुमची कसली तपासणी, बसा निवांत," म्हणत ती वळलीसुद्धा. वळताना तिची मोठ्ठी लाट त्या जाळ्यावर आदळली, तरी होडी आपली हसतेय!

चपळाला हे खटकलंच. मासे पळाले आणि ही चिडली नाही? ती गर्रकन मागे फिरली. होडीत बघते तर मासा एकही नाही, नुसती सीमेपलीकडून चोरून आणलेली बंदुकांची खोकी!

होडीला पकडून नेताना वाटेत दर्याबाय पुन्हा कडाडली, "आलीस परत, मेले?" चपळाला ते इतकं गोड लागलं म्हणून सांगू!

पण खरं सांग, रोज शिव्या खाऊन खाऊन तुला एकदाच कोणी लाडानं ताई म्हटलं असतं, तर तू फिरली असतीस का मागे?