जोगाईपुढचा नुसता सूर

कोळंबगडच्या राजवाड्यातल्या देवघरात सांजेची सनई ऐकायला पाहुणे लांबून येतात आणि बहुतेकांची निराशा होते. जोगाईपुढे दोन सनईवाले मांडी घालून बसतात, गाल फुगवतात आणि दोघेही एकच सूर धरतात. वर नाही, खाली नाही. धून वाजवायची तिसरी सनई देवीच्या पायांशी लाल कापडावर नुसती ठेवलेली असते. वाजवणारे शिकाऊ दिसतात, असे कोणीतरी पुटपुटतेच. वाड्यातली माणसे ते ऐकून घेतात, कारण त्यांना धोंडी गुरवाची गोष्ट ठाऊक असते.

फार मागे, असे सांगतात, सटवाजी आणि धोंडी हे दोघे भाऊ इथे वाजवत. थोरला सटवाजी धून वाजवी आणि वाहवा सगळी त्याची. धाकटा धोंडी मागे बसून सूर धरी. नाकाने श्वास घेत राहायचे, तोंडातला वारा थांबू द्यायचा नाही, एवढेच त्याचे काम. त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नसे. पण मरताना बापाने वचन घेतले होते ते दोघांकडून: जोगाईचा सांजदिवा सनईशिवाय लागायचा नाही.

एकदा राजाने शिकारीच्या तळावर पाहुण्यांसाठी सनई मागवली, तीही ऐन दिवेलागणीला. सटवाजी तोंडावर म्हणाला, "सांजची सनई देवीची हाय, सरकार. सकाळी बोलवा, दुपारी बोलवा." पाहुण्यांदेखत शब्द खाली पडला आणि राजाचा तोल गेला. त्याने सटवाजीची सनई काढून घेतली, त्याला हद्दीबाहेर घालवले आणि हुकूम सोडला की देवघरात जो धून वाजवील त्याचा हात तोडला जाईल.

त्या सांजेला पुजारी वात हातात घेऊन थबकला. लावावी तर वचन मोडते, न लावावी तर देवी अंधारात. तेवढ्यात धोंडी आला, आपल्या मागच्याच जागेवर बसला आणि त्याने सूर धरला. पुजाऱ्याने दिवा लावला.

कारभारी धावत आला. "जिवावर उदार झालास का रे?" उत्तर द्यायचे तर धोंडीला सूर सोडावा लागला असता. शेवटी कारभाऱ्यानेच राजाला जाऊन सांगितले, "धून नाही, सरकार. नुसता सूर आहे."

"वाजवू दे," राजा म्हणाला. "बघू किती दिवस दम टिकतो."

दम टिकला. पावसाळ्यात खोकल्याने छाती भरली, तरी टिकला. "फुटंल छाती एक दिवस," असे बायको म्हणे. "फुटंल तवा बघू," म्हणून हा निघे. गावातले लोक त्याला नवरदेवाशिवायची वरात म्हणून चिडवत. धोंडी चिडत नसे असे नाही. चांगला चिडे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसे.

पुढे राजाची आई वारली. सुतक फिटल्यावर राजा देवघरात आला. लहानपणी आईसाहेब त्याला मांडीवर घेऊन इथेच बसत आणि सनईची ती जुनी धून गुणगुणत थोपटत. धोंडीने सूर धरला. राजा डोळे मिटून उभा होता, आणि म्हणे त्याच्या नकळत तीच धून त्याच्या ओठांतून बाहेर पडली. पुजाऱ्याचा हात थांबला, कारभाऱ्याने मान खाली घातली. राजाच्या ध्यानात आले तेव्हा धून अर्धी झाली होती. त्याला हुंदका आला, पण त्याने ती पुरी केली.

"धोंडी, हुकूम माझाच," तो म्हणाला. "आता हात कोणाचा तोडायचा?"

धोंडीने आरती संपेपर्यंत सूर सोडला नाही. मग सनई खाली ठेवून म्हणाला, "हातानं कुठं वाजवली, सरकार? गळ्यानं गायली. हुकूम मोडला न्हाई. माझ्या भावाला तेवढं परत आणा."

सटवाजीला मानाने आणले, सनई हातात दिली. तो पुढे बसला. पण दिवा लागला, धोंडीचा सूर सुरू झाला आणि दासी, चाकर, खुद्द राजा, जो तो ती धून गुणगुणू लागला. सटवाजीने ऐकले. मग आपली सनई देवीच्या पायांशी ठेवली, धाकट्याची जादा सनई मागून घेतली आणि त्याच्या शेजारी, मागे जाऊन बसला. पहिल्या दिवशी त्याचा दम मध्येच तुटला, असेही सांगतात.

आजही इथे धून वाजत नाही. निराश पाहुण्यांना वाड्यातली माणसे जरा थांबायला सांगतात. दिवा लागतो, सूर देवघरात भरत जातो आणि दाराशी उभे असलेले कोणीतरी, पुष्कळदा वाजवणाऱ्यांना शिकाऊ म्हणणारेच, आपल्या आईचे काहीतरी गुणगुणू लागते. सनईवाले मागे वळून बघत नाहीत. ते सूर धरून बसतात, गुणगुणणाऱ्याचे पुरे होईपर्यंत.