झुबकीचं छन छन गाठोडं

काचेच्या कारखान्याला खेटून एक कवठाचं झाड. झाडात एक ढोली. ढोलीत राहायची झुबकी खार आणि तिचं बाळ शेंगू. ढोलीला एक खिडकी होती. खिडकीला काच होती. बिस्किटाएवढीच, पण होती. अख्ख्या झाडात दुसऱ्या कुणाकडे नव्हती हो!

एक दिवस वरून कवठ सुटलं. धप्प. खळ्ळ. काच फुटली. गार वारा आत आला. शेंगू शिंकला, आक् छी.

झुबकीला रडू आलं. पण रडत बसली तर ती झुबकी कसली? तिनं तुकडे वेचले. पळसाच्या पानात गुंडाळले. गाठोडं पाठीवर घेतलं आणि निघाली. टुणुक टुणुक, छन छन.

कारखान्यात गेणूमामा काच कापायचा. कर्रर्र कट्. कर्रर्र कट्.

"मामा मामा, खिडकीची काच फुटली. बाळाला थंडी वाजते. काच कापून दे ना."

"देईन की. माझ्यासारखी सरळ काच कोण कापतं? पण कापू काय, वारा? तळ्याला सांग, आधी काच पसरू दे. आणि पाठीवर छन छन काय गं?"

"फुटकी काच."

"टाक की मग."

"टाकू कशी? कुणाच्या पायात जाईल."

झुबकी निघाली तळ्याकडे. टुणुक टुणुक, छन छन.

तळं पाण्याचं नव्हतं हं. वितळलेल्या कथिलाचं होतं. चकचक चकचक. त्याच्यावर काच तरंगायची. तरंगता तरंगता सपाट व्हायची.

"तळोबा तळोबा, खिडकीची काच फुटली. बाळाला थंडी वाजते. मामा काच कापेना. तू काच पसर ना."

"पसरीन की. माझ्यासारखी सपाट काच कोण पसरतं? पण पसरू काय, पापड? भट्टीला सांग, आधी रस देऊ दे. आणि पाठीवर छन छन काय गं?"

"फुटकी काच."

"टाक की मग."

"टाकू कशी? कुणाच्या पायात जाईल."

झुबकी निघाली भट्टीकडे. टुणुक टुणुक, छन छन.

भट्टी लालेलाल. धग धग, धग धग. ती कधी विझत नाही. दिवाळीलासुद्धा नाही. झुबकी लांबच उभी राहिली.

"भट्टीमावशी भट्टीमावशी, खिडकीची काच फुटली. बाळाला थंडी वाजते. मामा काच कापेना. तळं काच पसरेना. तू रस दे ना."

"देईन की. माझ्यासारखा काचेचा रस कोण करतं? पण देऊ कुठला, उसाचा? वाळूला सांग, आधी वितळू दे. आणि पाठीवर छन छन काय गं?"

"फुटकी काच."

"टाक की मग."

"टाकू कशी? कुणाच्या पायात जाईल."

झुबकी निघाली वाळूकडे. टुणुक टुणुक, छन छन. पाय दुखले. पाठ दुखली. पण गाठोडं काही सोडलं नाही.

वाळू ढीग करून बसली होती. गाल फुगवून.

"वाळूबाई वाळूबाई, खिडकीची काच फुटली. बाळाला थंडी वाजते. मामा काच कापेना. तळं काच पसरेना. भट्टी रस देईना. तू वितळ ना."

"नाही वितळणार जा."

"आगीला घाबरतेस?"

"घाबरतेय कोण? पण एकटीला फार वेळ लागतो बाई. सोबतीला फुटकी काच लागते. ती आधी वितळते, मग तिच्या मागून मी. आज ती आलीच नाही. जो तो टाकून देतो कुठेतरी. आणि पाठीवर छन छन काय गं?"

झुबकीनं कान टवकारले. मग हळूच हसली.

"फुटकी काच."

गाठोडं सुटलं. छन छन छन. "एवढीशीच आहे," झुबकी म्हणाली.

"एवढीशी पुरे," वाळू म्हणाली. "मला सोबत हवी."

मग काय! काच आणि वाळू भट्टीत गेल्या, सर्रर्र. काच वितळली. वाळू वितळली. भट्टीनं रस दिला, भळ भळ. तळ्यानं काच पसरली, सपाट सपाट. झुबकीनं हात पुढे केला.

"थांब," मामा म्हणाला. "गरम आहे. घाईनं गार केली तर तडकते."

झुबकी थांबली. काच हळूहळू गार झाली. अगदी हळूहळू. मग मामानं काच कापली. कर्रर्र कट्. बिस्किटाएवढी.

काच खिडकीत बसली. वारा बाहेर राहिला. ऊन आत आलं. शेंगूची शिंक पळाली. काचेला नाक लावून तो बघत बसला.

"आई, ही काच कुणी केली?"

"मामानं कापली. तळ्यानं पसरली. भट्टीनं रस दिला. वाळू वितळली."

"आणि तू काय केलंस?"

झुबकीनं शेपटी फुलवली. एवढी मोठ्ठी.

"मी? मी तुकडे टाकले नाहीत."

काच बसली चौकटीत, गोष्ट शिरली गोधडीत.