माठाचा घाम

माठ आणि पाणी एकमेकांशी भांडत, तेव्हाची ही गोष्ट. वेशीजवळच्या लिंबाखाली गयाबाईची पाणपोई होती. पाणी पिऊन वाटसरू म्हणायचे, "वा, काय गार पाणी आहे!" माठाचं नाव कोणी काढत नसे.

पाण्याला ते चढलं. ते म्हणालं, "ऐकलंस? गारवा माझा. तू नुसतं मडकं, त्यातून दिवसभर घामाने निथळतोस. तुझ्यात राहायची लाज वाटते मला."

"वाटू दे," माठ म्हणाला. "मला नाही वाटत. मी असाच घामेजणार."

जत्रा आली. माठ उठून दिसावा म्हणून गयाबाईने त्याला बाहेरून चकचकीत तेलरंग फासला. घाम बंद झाला. पाणी खूश!

दुपारी एका धनगराने पाण्याचा घोट घेतला आणि थुंकून टाकला. "बाय, हे काय चुलीवरून उतरवलंस?"

गयाबाईने जीभ चावली. विटेच्या तुकड्याने तिने सगळा रंग खरवडून काढला. माठ पुन्हा पाझरू लागला आणि संध्याकाळपर्यंत पाणी गार झालं. पण त्याची खोड काही गेली नाही.

"तुझ्या घामाने गारवा येतो, हे मान्य," ते म्हणालं. "पण घाम तो घामच. शी!"

"माझा घाम?" माठ कडाडला. "अरे, मी भट्टीत भाजलेली माती! माझ्यात ओल येणार कुठून? इतके दिवस ज्याला नाक मुरडतोयस ना, तो तूच आहेस."