पुराचा वाटा

एका नदीच्या वळणावर कुंभारांचं गाव होतं, आणि त्या गावातल्या सगळ्यांत उंच टेकाडावर कोंडिबाचं घर होतं. कोंडिबा कौलं करायचा. पाऊस कितीही झोडपो, त्याच्या कौलांखाली चुलीवर थेंब पडायचा नाही. गावातलं एकही छप्पर त्याच्या हाताशिवाय नव्हतं. त्याची बायको येसू माती तुडवायची, कौलं वाळवायची. एकुलती एक लेक हौसा लग्न होऊन घाटापल्याड नांदत होती.

त्या गावाची एक जुनी रीत होती. अक्षय तृतीयेला प्रत्येक घराने डोंगरावरच्या देवळामागे आपला वाटा नेऊन ठेवायचा. एक चांगला वासा आणि टोपलीभर कौलं. वाटे दोन असत, आगीचा वेगळा आणि पुराचा वेगळा, आणि त्यांचे ढीगही वेगळे. कोणता ठेवायचा की दोन्ही, ते ज्याचं त्याने ठरवायचं. ज्याचं घर जळेल त्याला आगीच्या ढिगातून मिळे, ज्याचं पाण्याने जाईल त्याला पुराच्या. शिवाय घर उभं राहीपर्यंत बाकीचे वाटेकरी घरटी एक माणूस राबायला पाठवत. मात्र एका ढिगातलं दुसऱ्या कामाला जात नसे, आणि ज्याने त्या साली ठेवलं नाही त्याने मागायचं नसे. रीत कडक होती खरी. पण कडक होती म्हणूनच टिकली होती. नाहीतर कोरड्यात ठेवायला कोण येतो, आणि ओल्यात मागायला कोण मागे राहतो?

कोंडिबा आगीचा वाटा कधी चुकवत नसे. ज्याच्या दारात कौलं भाजायचा आवा धगधगतो त्याला भीती विस्तवाची. वारं फिरलं की तो जेवता जेवता उठून ठिणग्या बघून यायचा. पाण्याची भीती मात्र त्याला ठाऊकच नव्हती. नदीकाठच्या शिळेवर जुन्या माणसांनी मोठ्या पुराची खूण कोरून ठेवली होती आणि कोंडिबाचं जोतं त्या खुणेच्या कितीतरी वर होतं. त्याचा बाप पुराचाही वाटा ठेवायचा. बाप गेला, तसा तो वाटाही बंद झाला.

त्या साली हौसाला दिवस गेल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. येसूचे पाय जमिनीवर ठरेनात. घराला मागच्या अंगाने एक लहानशी खोली काढायची ठरली. वारा लागू नये म्हणून जाड भिंतीची, शेक-शेगडीला कोपरा असलेली. भिंती झाल्या, छपराला शेवटचा एक वासा कमी पडत होता. कोंडिबाने रानातून एक सरळसोट वासा आणला, आणि नेमकी अक्षय तृतीया येऊन ठेपली.

आगीचा वाटा बाजूला काढलेला होताच. येसू म्हणाली, हा वासा घालून यंदा पुराचाही वाटा ठेवू या, खोलीचं मागाहून बघू. कोंडिबा हसला. पाण्याला आपल्या घरी यायचं तर शिडी लावावी लागेल, म्हणाला.

शेजारची ठकू तेव्हा कुंपणापाशीच उभी होती. कुणाच्या घरात काय शिजतं हे तिला शिजायच्या आधी कळायचं. ती म्हणाली, "भावजी, एक विचारू? तुमच्या घरामागं केवढा थोरला धस होता मातीचा, उंच बांधासारखा. मी नवी नवरी आले तेव्हा त्याच्यावर शेळ्या चरायच्या. तो कुठं गेला हो?"

"तुझ्याच डोक्यावर आहे की, ठकूवहिनी," कोंडिबा म्हणाला. "कौलं होऊन बसलाय."

ठकूसुद्धा हसली. गोष्ट खोटी नव्हती. त्या धसाची माती लोण्यासारखी होती. दर उन्हाळ्यात कोंडिबा तीच खणायचा, अन् त्याच मातीने गावाची घरं शाकारली होती. खणता खणता धस संपला आणि घरामागे खोल खाण झाली. धसाच्या पलीकडे एक ओढा वाहायचा, तो आता त्या खाणीच्या काठाशी आला होता. शिळेवरची खूण धस असतानाची होती. पण रोज थोडं थोडं खणणाऱ्याला आपण काय खणतोय ते दिसत नाही.

"मग काय करायचं वाशाचं?" कोंडिबाने येसूला विचारलं.

येसूने खोलीकडे पाहिलं. उघड्या छपरातून आत ऊन पडलं होतं. तिलाही ती खोली हवी होती. तिनेच खालून हात दिला, आणि वासा खोलीवर चढला.

श्रावणात नदी भरली. खालच्या आळीतली घरं पाण्यात गेली, तेव्हा कोंडिबा स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उतरून लोकांना वर आणत होता. नदी तुडुंब, त्यामुळे ओढ्याचं पाणी नदीत शिरेना. ते मागे फिरलं आणि भरदुपारी कोंडिबाच्या खाणीत उतरलं. अडवायला धस नव्हताच. खोल खाण अर्धीअधिक भरली. ते पाणी उसळलं नाही, गरजलं नाही, नुसतं घराच्या पायाखालच्या मातीत मुरत राहिलं. येसू सामान घेऊन बाहेर आली तोच मागची भिंत खाली बसली. आधी नवी खोली गेली, तिच्यामागून सगळं घर. कौलं खडखडत खाणीत उतरली.

पाणी ओसरल्यावर गाव देवळापाशी जमलं. ज्यांनी पुराचा वाटा ठेवला होता त्यांना वासे-कौलं मोजून मिळू लागली. कोंडिबा खाली मान घालून उभा राहिला. गावचा म्हातारा कारभारी त्याच्यापाशी आला. त्याने कोंडिबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"कोंडिबा, तुझा वाटा आगीचा आहे रे."

कुणीतरी म्हणालं, मग आगीच्या ढिगातून द्या की, माणूस आपलाच आहे. कारभारी म्हणाला, पावसाळा सरला की आवे पेटतील. तेव्हा एखादं घर जळालं तर त्याला काय देऊ? पुराच्या ढिगातून काही उरलं तर पहिलं याला. पण त्या साली एवढी घरं पडली होती की वासा काय, खापरीसुद्धा उरली नाही. घरटी माणसंही वाटेकऱ्यांच्या घरांना जुंपली गेली. कुणी कोंडिबाला वाईट बोललं नाही. बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

नवरा-बायको आव्याशेजारच्या उघड्या मांडवात राहू लागली. कोंडिबा रानातून एकट्याने एकेक वासा वाहून आणायचा. येसूने घाटापल्याड निरोप धाडला, पण रस्ते वाहून गेले होते, निरोप पोचलाच नाही. आणि गौरी-गणपती सरल्यावर, वाट पुन्हा सुरू होताच, एके दिवशी टेकाडाखाली बैलगाडी येऊन थांबली.

हौसा उतरली. एका हाताने पोट सावरत चढू लागली. वर आल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. घर होतं तिथे चिखल वाळून भेगाळला होता.

येसूने तिला मांडवात बसवलं, पाणी दिलं. मग पदर खोचून ती घरोघरी फिरली. नाही कुणीच म्हणालं नाही. ठकूने तर जागा करायला आपलं अंथरूण बाजूला ओढलं. पण उभ्या छपराखाली दोन दोन बिऱ्हाडं दाटली होती, ठकूच्या घरातच आठ माणसं पाय मुडपून निजत होती. बाळंतिणीला दार लावून घ्यायला खोली लागते, शेकाला आडोसा लागतो. तो आडोसा कुणाकडेच नव्हता.

येसू परत आली. तिचा चेहरा बघून हौसा आपणहून उठली.

"आई, तिकडं सासूबाई आहेत. होईल सगळं नीट. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

लेकीने आईची समजूत घालावी, ही वेळ त्या दिवशी त्या टेकाडावर आली. कोंडिबा पुढे झाला. हौसाने वाकून त्याच्या पायांना हात लावला. "बा, उन्हातान्हात फार ओझं उचलू नका," एवढं म्हणाली आणि गाडीत बसली.

येसू गावाच्या शिवेपर्यंत गाडीचं साटं धरून चालत गेली. तिथे गाडीवानाने बैल थांबवले. येसूने हात सोडला आणि स्वतःच म्हणाली, "हाक बाबा, उजेडात घाट उतरलेला बरा."

कार्तिकात मीठ विकणारा घाटावरून आला. त्याने सांगितलं, मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. येसूने त्याच्या हातावर गूळ ठेवला. मग विचारलं, कुणासारखी दिसते? तो म्हणाला, मी कुठं आत गेलो, बाई, मी आपलं दारातून ऐकलं.

येसू मांडवात आली. कोंडिबा चौथा वासा तासत बसला होता. तिने त्याला बातमी सांगितली. त्याने तासणी खाली ठेवली. बराच वेळ दोघंही घाटाकडे बघत बसली.

तात्पर्य: पाण्याची जुनी खूण बघून निर्धास्त राहू नये, आपल्या पायाखालचं आता काय उरलंय तेही बघावं. आणि एका संकटाची तजवीज दुसऱ्या संकटाला उपयोगी पडत नाही, हे कोरड्या दिवसांतच ध्यानात घ्यावं.