हौसाने वेचलेले दगड

"...पण माझ्यातच काय खोट आहे, माई? एवढं तरी सांगा."

हौसा चुलीपुढं उकिडवी बसली होती. चुलीपुढं म्हणायचं आपलं. चूल होती तिथं आता चिखल होता.

 चंद्रामाईंनी कोपरापर्यंत हात घातला आणि चिखलातून तवा ओढून काढला.

"पुण्याची ती बाई आली. धड भाकरी थापता येत नाही तिला. तिला आल्या आल्या कानमंत्र दिलात. मी उन्हाळ्यापासून इथं हाडं झिजवतेय. मला का नाही?"

"तवा घासून आण."

"आधी सांगा."

"तवा घासला नाही तर भाकरी कशावर भाजू? तुझ्या डोक्यावर? तापलंय तेवढं."

हौसाने तवा हिसकावून घेतला. पण उठली नाही.

माईंची कुटी हिमालयात, देवदारांच्या दाट रानात, एका उभ्या उतारावर. उतार असा की माणूस उभा राहिला तरी एक गुडघा वाकलेलाच. कधीकाळी तिथून हिमनदी गेली. तिनं डोंगर तासला, फोडला, आणि तो चुरा तिथंच टाकून वर सरकली. त्या चुऱ्यावर झाडं उभी आहेत. माती म्हणाल तर ओंजळभर, बाकी सगळी खडी आणि गोटे.

हौसा परभणीकडची. काळ्या जमिनीतली. तिकडं पेरणीआधी बायका रानातले दगड वेचतात, पाटीत भरतात आणि बांधावर नेऊन टाकतात. रानात दगड दिसला की त्या घरच्या सुनेला लोक नावं ठेवतात. हौसाच्या रानाला कधी कुणी नाव ठेवलं नाही. त्याचा तिला मोठा ताठा.

कुटीमागचा उतार बघून बाईच्या जिवाला चैन पडेना.

खालच्या गावात एक बाळंतीण अडली होती, म्हणून माई तिकडं गेल्या. त्या गेल्या तशी हौसा कामाला लागली. देवदाराच्या सुयांसारख्या वाळक्या पानांचा थर खराट्यानं ओढून काढला. खालची खडी वेचली. रुतलेले गोटे पहारीनं उपटले. सगळं पाटीनं दूर, ओढ्याच्या कडेला टाकलं. उरली ती माती हातानं थापली आणि वर शेणाचा सडा घातला. आता माई बघतील आणि म्हणतील, ये हौसा, कान कर इकडं.

माई परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग पाऊस आला. मोठा नव्हता. तिथल्या लोकांनी त्याला पाऊस म्हटलंही नसतं.

तेवढ्या पावसातच सगळा उतार चिखल होऊन मागच्या दारातून घरात आला.

"मी काय घर बुडवायला केलं का?" हौसा म्हणाली. "सेवा म्हणून केलं."

"माहीत आहे."

"मग ओरडा तरी! अशा गप्प बसू नका. माझी सासू बरी, ती तोंडानं तरी बोलायची."

माई हसल्या. दात नव्हते, त्यामुळं लहान मुलीसारख्या दिसल्या.

"दगड कुठं टाकलेस?"

"ओढ्याकडं."

"पाटी घे. चल."

*

हौसा पाटी भरून आणी. माई उतारावर बसून एकेक दगड लावत. लावत म्हणजे काय, बघत, फिरवत, मातीत दाबत, वर सुया पसरत. ऐंशीच्या घरातली बाई, पण पाय उतारावर असे रोवलेले की वाटावं, इथंच उगवली.

"हे काय रान आहे का?" हौसा धापा टाकत म्हणाली. "आमच्याकडं हातभर खोल काळी माती. काठी खुपसली तर काठीला पालवी फुटेल. इथं नुसती खडी. एवढाली झाडं खातात तरी काय?"

"तू विचार त्यांना."

"चेष्टा करू नका."

"मला तरी कुठं सांगतात ती!"

हौसाने पाटी ओतली. एक गोटा घरंगळत तिच्या पायाशी आला. त्याला बारीक मुळ्या चिकटल्या होत्या, केसांसारख्या. काही पांढऱ्या, ओलसर. पहारीनं उपटताना तुटून तशाच गोट्याला मिठी मारून राहिलेल्या.

हौसाने पदरानं तो पुसायला घेतला.

"पुसू नकोस."

"घाण आहे."

"राहू दे. तसाच दे."

माईंनी गोटा दोन्ही हातांत घेतला. मुळ्या खाली येतील असा धरला आणि मातीत बसवला. मग त्यावर तळवा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

हौसाने मान वळवली.

ती तशीच उभी राहिली. पाटी हातात, तोंड ओढ्याकडं.

"काय गं?"

"काही नाही."

माईंनी तिच्याकडं बघितलं.

"काही नाही म्हटलं ना!"

माई दगड लावत राहिल्या.

"एक विचारू, हौसे? मंत्र कशाला हवा तुला?"

"कशाला म्हणजे? मन साफ व्हायला. सगळ्यांना कशाला लागतो?"

"सगळ्यांचं राहू दे. तुझ्या मनात काय पडलंय?"

हौसाने पाटी आपटली.

"पोरगी आहे! पोरगी! झालं समाधान?"

रानात तो आवाज जरा वेळ राहिला. मग देवदारांवरून पाणी ठिबकण्याचा आवाज परत ऐकू यायला लागला.

"तापानं गेली," हौसा म्हणाली. आता हळू. "आठवीत होती. दवाखान्यात नेली तेव्हा माझा हात धरला होता तिनं. सासूनं तिचं दप्तर, कपडे, सगळं देऊन टाकलं. म्हणाली, घरात नाव काढायचं नाही कुणी, त्यानं जीव अडकतो. कुणी काढत नाही. नवरा नाही, दीर नाही. मीसुद्धा नाही."

माईंनी हातातला दगड खाली ठेवला.

"तरी येते. पीठ मळताना येते. इथं, एवढ्या लांब डोंगरात, पायाला फोड आणून आले, तर इथंही माझ्या आधी येऊन बसलेली. मला वाटलं, तुमचा मंत्र घोकत बसले की तिला जागा उरणार नाही. निघून जाईल."

तिनं पदर तोंडाशी धरला.

"द्या ना माई. आता बर्फ पडेल, वाट बंद होईल. मी अशीच परत गेले तर... मी घरी कशी राहू? त्या गप्प घरात कशी राहू?"

चंद्रामाई उठल्या. चार ठिकाणी हात टेकत उठल्या. उतार चढून हौसाच्या शेजारी आल्या आणि म्हणाल्या, "बस."

हौसा चटकन खाली बसली. डोळे पुसले, हात जोडले, पदर कानामागं सारला आणि कान पुढं केला. त्या क्षणाची ती उन्हाळ्यापासून वाट बघत होती.

माईंनी तिचं तोंड धरून सरळ केलं.

मग स्वतःचा पदर मागं सारला. आणि आपला कान हौसाच्या ओठांपाशी आणला.

हौसा बघतच राहिली. म्हातारा कान. पातळ. कधीकाळी कुडी होती तिथं लांबट भोक.

"हे काय करताय?"

"सांग."

"काय सांगू? मंत्र तुम्ही द्यायचा असतो."

"पोरीचं नाव सांग."

हौसा मागं सरकली. मागं सरकायलाही जागा नव्हती, मागं उतार.

"नाही. नाही घ्यायची मी ते नाव. माझ्या तोंडून निघत नाही."

माईंनी कान हलवला नाही.

"उठा माई. बरं दिसत नाही हे."

"बघतंय कोण? माकडं?"

हौसाने खाली मान घातली.

"लवकर कर गं बाई. मान दुखते माझी."

हौसाला हसू फुटलं. हसता हसता ओठ वाकडे झाले, आणि त्यातूनच कसंतरी ते बाहेर आलं.

"शेवंता."

"ऐकू नाही आलं."

"शेवंता."

"अजून."

"शेवंता! शेवू म्हणायची मी! शेवू! सकाळी उठायचीच नाही, दहा हाका माराव्या लागायच्या, शेवू, ए शेवू..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. ती माईंच्या खांद्यावर पडून रडली. नीट, मोठ्यानं, गावाकडं बायका रडतात तशी. घरात रडू दिलं नव्हतं ते सगळं.

माईंनी तिला थोपटलं नाही की गप्प केलं नाही. एका हातानं जवळचा देवदार धरून ठेवला, दोघी घसरू नयेत म्हणून. आणि ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, नवी शिकणारी म्हणते तसं, अक्षरं लावत.

"शे-वं-ता."

हौसाने मान वर केली. कुणा दुसऱ्याच्या तोंडून ते नाव तिनं किती दिवसांनी ऐकलं होतं.

"परत म्हणा ना माई."

"शेवंता."

हौसाने नाक पुसलं. जरा वेळानं वाकली आणि माईंच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"मग मला मंत्र..." तिनं विचारलं, आणि पुढं काय विचारायचं ते तिलाच कळेना.

माईंनी तिच्या केसांतली देवदाराची सुई काढली.

"मंत्र मिळाला की कुणाला सांगायचा नसतो. ठाऊक आहे ना तुला?"

हौसाने मान डोलावली.

माई म्हणाल्या, "हा सांगत जा. भेटेल त्याला."