पिण्याच्या तळ्यावरचं धुणं

एका संस्थानात पिण्याच्या तळ्यावर धुणं धुवायला मनाई होती. धुणारीला दहा फटके बसत, तरी बायका धुवायच्याच. एकदा शिपाई येताच सगळ्या पळाल्या आणि पोटुशी गोजरा तेवढी सापडली.

दरबारात राजासमोर दिवाण कडाडले, "शिक्षा ठाऊक असून धुतलंस?"

"भीती होतीच, सरकार. पण साऱ्याजणी धुताना दिसल्या अन् माझेही हात आपसूक पाण्यात गेले."

"दुसऱ्याचं बघून करायला माणसं मेंढरं आहेत का?"

गोजराने तिथेच भलीमोठी जांभई दिली.

"दरबारात जांभई? त्यालाही दहा फटके..." म्हणता म्हणता दिवाणांनाच मोठी जांभई आली.

गोजरा हळूच म्हणाली, "सरकार, शिक्षा तर तुम्हालाही ठाऊक होती!"

राजाला हसू आवरेना. त्याने गोजराला सोडलं आणि तळ्याच्या खालच्या अंगाला धुण्यासाठी वेगळा घाट बांधून दिला.